लग्नातला फोटोवाला

आपल्या घरच्या भिंतीवर हार घातलेली आजीची तसबीर असेल, तर ती एकदा निरखून पाहावी. अंगावर ठेवणीतला शालू, नाकात नथ, चेहऱ्यावर किंचित गोंधळलेले हसू. खांद्यापाशी कुणा परक्याचे कोपर डोकावते, नाही तर ते पुसून टाकल्याची खूण दिसते. म्हणजे हा फोटो आजीचा म्हणून काढलेलाच नव्हे! कुणा पुतणीच्या लग्नात ग्रूप निघाला, आजी दुसऱ्या रांगेत उभी राहिली, आणि पुढे ती गेल्यावर घरात दुसरा फोटोच सापडेना, म्हणून तेवढाच चेहरा उचलून मोठा करून घेतला.

कित्येक घरांत हा प्रकार घडला आहे. जुन्या पिढीत फोटो काढला की आयुष्य घटते अशी समजूत होती, आणि नसती तरी स्वतःचा एकटीचा फोटो काढून घ्यायला कोण बाई स्टुडिओत जाणार? लग्नातल्या फोटोवाल्याने काढला तेवढाच तिचा फोटो.

रायगड जिल्ह्यात कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे आणि पैलतीरावर अष्टमी. नगरपालिका मात्र दोघांची मिळून एकच. अशा गावातल्या फोटोवाल्याची गोष्ट मुंबईच्या फोटोवाल्याहून निराळी असते. मुंबईचा फोटोवाला आल्बम पोचवतो, पैसे घेतो, आणि संबंध संपतो. अष्टमीसारख्या गावात गिऱ्हाईक म्हणजे शेजारीच. ज्याचे लग्न टिपले तो उद्या बाजारात भेटणार, परवा त्याच्या मुलाच्या बारशाचे बोलावणे येणार, आणि एखाद्या दिवशी रात्री दार वाजवून तो विचारणार, ‘‘भाऊ, आमच्या लग्नातला आईचा फोटो निघेल का हो? सकाळी पेपरात द्यायचा आहे.’’

या प्रश्नाला ‘‘हो’’ म्हणता यावे म्हणून काय काय करावे लागते, ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. रोळाच्या काळात एकशेवीसच्या फिल्मवर सहा बाय सहाची चित्रे निघत बाराच. दोन-तीन रोळांत सारे लग्न बसवायचे. अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो, नेमक्या त्याच वेळी अक्षता भिंगासमोरून उडतात, आणि फ्लॅशच्या उजेडात भिंगाजवळचा तांदूळ नवरीच्या गालावर पांढरा डाग होऊन बसतो. होमाचा धूर निराळाच. एवढी काटकसर करूनही जाणता फोटोवाला एक फिल्म ग्रूपसाठी राखून ठेवी, आणि खांबाआड उभ्या असलेल्या म्हातारीला हाक मारी, ‘‘आजी, तुम्ही मागे का? या, खुर्चीवर बसा.’’ माझ्या मते त्याची खरी कला या हाकेत होती. छायाप्रकाशाचे ज्ञान त्याच्या पुढचे.

मग रात्री लाल दिव्याखाली डेव्हलपर आणि हायपोच्या थाळ्या, निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने केलेली दुरुस्ती, आणि शेवटी पाकिटावर नाव-तारीख घालून त्या निगेटिव्ह ठेवून देणे. कोकणच्या दमट हवेत फिल्मला बुरशी लागते. ती कोरडी ठेवण्याचे काम वर्षानुवर्षांचे, आणि त्याचे भाडे कोणी देत नाही. गावाचे चेहरे सांभाळणारा हा बिनपगारी दप्तरदारच म्हणायचा!

या कलेचा जन्मच मुळी देणगीतून झाला. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेरचे तंत्र जाहीर झाले. फ्रेंच सरकारने दागेरला आणि त्याच्या दिवंगत भागीदाराच्या मुलाला तहहयात वेतन बांधून देऊन ते लोकांसाठी खुले केले. (इंग्लंडात मात्र दागेरने आधीच पेटंट घेऊन ठेवले होते, माणूस व्यवहारी होता.) पंधराच वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. आज १९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळतात.

फोटो परत देण्याचे मोल जपानने २०११ साली जगाला दाखवले. त्सुनामीने घरेच्या घरे गेली, आणि चिखलात आल्बम सापडू लागले. फुजीफिल्म कंपनीने तंत्र शिकवले, स्वयंसेवकांनी एकेक फोटो थंड पाण्यात धुऊन वाळवला आणि मालकांची वाट पाहत ठेवला. ज्यांचे माणूसच गेले त्यांना त्या कागदाची किंमत सांगायला नको.

आपल्याला हे दूरचे वाटायचे कारण नाही. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने रायगडातली छपरे उडवली, आणि २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. आल्बम भिजला तर एवढे ध्यानात ठेवावे: कागदावरचा जिलेटिनचा थर ओला असताना लोण्यासारखा मऊ असतो, त्याला बोट लावू नये. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत, स्वच्छ थंड पाण्यात सुटू द्यावेत, आणि सावलीत चित्राची बाजू वर करून वाळवावेत. उन्हात नव्हे. इतके करून गावातल्या फोटोवाल्याकडे न्यावेत. जुन्या चित्रावरून नवे करण्याची युक्ती त्याला ठाऊक असते.

२०२० चे ते वर्ष त्याच्यावरही कठीण गेले. ऐन लग्नसराईत टाळेबंदी, पुढे पन्नास माणसांत लग्ने. मांडव नाही तर फोटोवाला कशाला?

अमेरिकेत जेरेमी कोवार्ट या छायाचित्रकाराने २००९ साली ‘हेल्प-पोर्ट्रेट’ नावाचा उपक्रम काढला. ज्यांना फोटो परवडत नाही त्यांना बोलवायचे, नीट बसवून फोटो काढायचा, छापायचा आणि त्यांच्याच हाती द्यायचा. स्वतःच्या जाहिरातीसाठी तो वापरायचा नाही, ही त्यातली मेख. खांबाआडच्या म्हातारीला दिलेली हाकच ही, फक्त लग्नाशिवाय.

आता एका लग्नात दोन-तीन हजार फोटो निघतात आणि पेन ड्राइव्हवर मिळतात. ते छापायचे राहून जातात, ड्राइव्ह कुठल्याशा खणात जातो, आणि दहा वर्षांनी तो उघडेलच याची खात्री कुणी द्यावी? आचारी, सनईवाला, भांडी घासणाऱ्या बाया यांचेही चेहरे त्यात असतात, पण त्यांच्या हाती एकही पडत नाही. चार बाय सहाची प्रत काढायला खर्च तो कितीसा! घरात लग्न ठरले असेल, तर फोटोवाल्याशी दर ठरवताना त्याच वेळी एक यादी लिहून द्यावी: कुणाकुणाचा एकेकट्याचा फोटो हवा आणि कुणाकुणाला छापील प्रत पोचली पाहिजे. नवरीच्या आजीचे नाव सर्वांत वर घालावे.