नवं कापड घ्यायचं नाही!

तुमच्या घरात एक पिशवी असणारच. कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, नाहीतर दिवाणाच्या पोटात. आत ब्लाऊजपिसातून उरलेला वीतभर तुकडा, दादाच्या शर्टाची एक बाही, जुन्या पडद्याची पट्टी, विटलेल्या कुर्त्याचा नुसता गळा. 'राहू दे, कशाला तरी होईल' म्हणून आईने ठेवलेलं सगळं. ते 'कशाला तरी' बहुतेक घरांत कधी उजाडतच नाही.

आमच्या फ्लॅटवर ते यंदाच्या जूनमध्ये उजाडलं.

तर झालं असं, की पुण्यात आम्ही चौघी एकत्र राहतो. दोघी मास कॉमच्या, एक आर्किटेक्चरची, एक फार्मसीची. परीक्षा संपलेल्या, बाहेर पाऊस, आणि रील्स बघून अंगठा दुखायला लागलेला. आर्किटेक्चरवालीने एक चॅलेंज काढलं. सहा आठवडे, दर रविवारी एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीवर जो शब्द निघेल त्यावरून पुढच्या रविवारपर्यंत चिंध्यांची एक छोटीशी वस्तू हाताने शिवायची. आकार वहीच्या पानापेक्षा मोठा नको. सगळ्यात ढ वस्तू ज्या कुणाची, तिच्याकडून त्या रविवारची बिर्याणी. आणि नियम एकच : नवं कापड विकत घ्यायचं नाही. सुई, दोरा चालेल, कापड नाही.

इंटरनेटवर याला 'स्क्रॅप क्विल्टिंग' म्हणतात. घाबरू नका. खाली एक कापड, वर एक कापड, मध्ये काहीतरी मऊ, आणि तिन्ही थर धरून ठेवणारे टाके, याला म्हणायचं क्विल्ट. म्हणजे आपली गोधडी. आमच्या कोल्हापूरकडे वाकळ. तुम्ही लहानपणी जिच्यात गुंडाळून झोपलात, तीच. फक्त ती अख्खी शिवायला महिने लागतात आणि आम्हाला शिवायचा होता तिचा तळहाताएवढा तुकडा. किती अवघड असेल?

पहिली चिठ्ठी निघाली 'चौकोन'. मी मोबाइलसाठी पाऊच करायचं ठरवलं. दोन इंचाचे नऊ चौकोन कापले, तीन-तीनच्या तीन ओळी, म्हणजे सहा इंच. हिशेब चोख. शिवून झाल्यावर पट्टी लावली तर पाच इंच! उरलेला एक इंच गेला कुठे? शिवणीत. प्रत्येक जोडाला दोन्ही कापडांचं पाव-पाव इंच आत जातं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चारही कडा दुमडल्यावर तर साडेचारच उरले. त्या पाऊचमध्ये आता इयरफोन राहतात आणि पहिली बिर्याणी माझ्याकडून झाली. तुम्ही करणार असाल तर लिहून ठेवा : जेवढा चौकोन दिसायला हवा त्यापेक्षा अर्धा इंच मोठा कापायचा. दोन इंच हवा तर अडीच.

दुसऱ्या आठवड्यात 'गरम' निघालं आणि फार्मसीवालीने गॅसवरून भांडं उतरवायला झकास चौकोनी पकड केली. वरून चमचमणारा जांभळा तुकडा, कुणाच्या तरी घागऱ्याच्या अस्तरातला. पहिल्याच दिवशी तो तुकडा दुधाच्या पातेल्याला चिकटला. पॉलिस्टर उष्णतेने वितळतं. मग आम्हाला शहाणपण सुचलं. कापड कसलं ते कळत नसेल तर त्यातला एक धागा काढून चिमट्यात धरायचा आणि मेणबत्तीवर न्यायचा. (खाली स्टीलची ताटली ठेवून, आणि घरमालक घरात नसताना.) सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची राख होते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, टोकाला टणक गाठ बनते. ज्याची गाठ होते ते कापड बुकमार्कला वापरा, भांड्याला नको. मध्ये भरायला जुना टॉवेल मस्त, जाड हवं असेल तर दुहेरी.

तिसऱ्या आठवड्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शब्द 'वाट' होता आणि चौघींनीही रस्ते काढले.

चौथी चिठ्ठी 'निळा'. आणि माझ्या पिशवीत निळं काहीही नव्हतं. मरून होतं, मोरपंखी होतं, शाळेच्या पिनोफोरचा करडा होता. निळा नाही. त्या रात्री मी मोबाइलवर शोधत बसले आणि मला सापडलं, की चिंध्या विकत मिळतात. खोटं वाटतंय? एकसारखे कापलेले, एकमेकांना शोभणारे छोटे सुती चौकोन, रिबिनीत बांधलेले. निळ्या छटांचा वेगळा गठ्ठा. मी तो कार्टमध्ये टाकलाही. रूममेटने मागून बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे उरलेलं कुठेय? हे तर आणलेलं आहे."

बरोबर होतं तिचं. आख्खं नवं कापड मुद्दाम कापून त्याच्या चिंध्या करायच्या, त्या विकायच्या, आणि आपण त्या घेऊन 'वेस्टमधून बेस्ट'चा हॅशटॅग टाकायचा. ते चौकोन दिसायला छानच असतात, मी नाही म्हणत नाही. पण त्यांना चिंध्या म्हणू नका. आणि माझा अनुभव असा, की मजा त्यातच निघून जाते. सगळे रंग जुळवूनच आलेले असतील तर तुम्ही करणार काय? निळा नसताना निळा कुठून आणायचा, ही भानगड म्हणजेच ते चॅलेंज.

ही भानगड जगात सगळ्यात भारी कुणी सोडवली असेल, तर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड नावाच्या खेड्यातल्या बायकांनी. नदीच्या वळणात अडकलेलं गाव, कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्या लोकांचे वंशज, आणि प्रचंड गरिबी. घरातली माणसं थंडीत गारठू नयेत म्हणून या बायका शेतात घालून विरलेले कपडे फाडून क्विल्ट शिवायच्या. गुडघ्याच्या जागी पडलेला गडद डागसुद्धा डिझाइनमध्ये. १९६६मध्ये त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. १९७२मध्ये संस्थेला सिअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशीचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. त्या कामातून उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या बायकांनी घरी नेल्या आणि तेच ठरावीक रंग वापरून असे क्विल्ट केले, की आज लोक ते मॉडर्न पेंटिंगसारखे उभं राहून बघतात. २००२मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. २००६मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. फोटो शोधून बघाच. एकही रेघ सरळ नाही आणि एकही चुकलेली वाटत नाही.

असो. कार्ट रिकामं केलं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या टेलरकाकांकडे गेले. "काका, कातरण आहे का?" काकांनी टेबलाखालून पायानेच एक पोतं पुढे सरकवलं. "सगळं ने, माझा कचरा कमी होईल." तुमच्याही गल्लीत टेलर असेल तर त्यांना नक्की विचारा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे तुकडे नवे असतात, म्हणजे पहिल्या धुण्यात आटतात आणि काही रंग सोडतात, तेव्हा शिवायच्या आधी धुवायचे. आणि सुटे धुवायचे नाहीत. मी धुतले, आणि बादलीतून दोऱ्यांचं घरटं निघालं. उशीच्या जुन्या अभ्र्यात भरून, तोंड बांधून धुवा.

दुसरी अडचण अशी, की टेलरच्या कातरणीत चौकोन नसतोच. बगलेखालचे चंद्रकोरीसारखे तुकडे, गळ्याचे अर्धगोल, बोटभर पट्ट्या. याचं उत्तर मला उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांच्या 'कवंदी'त मिळालं. सिद्दी म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून इथे आणलेल्या लोकांचे वंशज. त्यातले कित्येकजण गोव्यातल्या गुलामीतून पळून हल्याळ, यल्लापूरच्या जंगलात गेलेले. त्यांच्या कवंदीत आधी मोजून-मापून तुकडे जोडत बसायचं नसतं. खाली एक साडी पसरायची, एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. तुकड्याची कड दुमडून ठेवायची, त्यावर धावदोरा घालायचा, पुढचा तुकडा आधीच्याची उघडी कड झाकेल असा ठेवायचा. असं कडेकडेने गोल फिरत मध्याकडे यायचं. जोडणं आणि टाके घालणं एकाच वेळी. शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची छोटी फुलं. नवशिक्यांसाठी याच्याइतकी सोपी पद्धत नाही, कारण चुकायला मापच नाही! हाताच्या पंज्याएवढी कवंदी दोन संध्याकाळींत होते. चहाच्या मगाखाली ठेवायला बेस्ट.

पण पोत्यातही निळा निघाला नाही. गणेशोत्सवाच्या ऑर्डरी, सगळं लाल-पिवळं. म्हणून शनिवारी एसटी पकडून गावी गेले, आज्जीकडे.

आज्जीने आयुष्यभर वाकळा शिवल्या, आमच्या आणि गल्लीच्याही. वाकळेमागे कधी पैसे मिळायचे, कधी पायलीभर जोंधळं. मी मोठ्या ऐटीत तिला माझं कोस्टर दाखवलं.

"ह्ये काय?"

"चहाचा कप ठेवायला, आज्जी."

"कपाला वाकळ?" ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग कोस्टर जवळ घेतलं, डोळ्यांनी नाही, अंगठ्याने बघितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक दिसत नाही, आणि बोटं थरथरतात. "टाकं लई लांब पडल्यात गं. पाय अडकंल यात."

पाय? कोस्टरमध्ये? पण मुद्दा कळला. वाकळेवर माणूस झोपतो, लहान पोरं पाय झाडतात. लांब टाक्यात बोट अडकतं आणि टाका तुटतो. आमच्या वस्तूंवर कुणी झोपणार नव्हतं, फक्त फोटो निघणार होता.

मग तिने ट्रंकेतून एक वाकळ काढायला लावली. अर्धवट. कडेच्या चार-पाच फेऱ्या घातलेल्या, मधलं सगळं नुसतं कच्च्या टाक्यांवर धरलेलं. चार वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला तेव्हा थांबलेली. वर तिचं हिरवं लुगडं, आईच्या दोन साड्या, आत आजोबांचं धोतर. आणि एका कोपऱ्याजवळ निळा. आजोबांचा शर्ट, धुऊन धुऊन आकाशाच्या रंगाचा झालेला. मला हवा होता तसाच.

"आज्जी, एवढा एक तुकडा देशील?"

"काढ की," ती म्हणाली. "पर काढल्यावर तिथं काय लावशील ते आधी सांग."

मी पोत्यातलं काय काय मनात लावून बघितलं. लाल, पिवळं, टिकल्यांचं. मग कात्री ठेवून दिली. ती काहीच बोलली नाही, सुईचा डबा माझ्याकडे सरकवला. आमच्या घरात हे काम आता कुणालाच येत नाही. आई शिवते, पण मशिनवर. मशिनची टीप एवढ्या थरांवर चालत नाही, सुई तुटते.

त्या रविवारी मी पुण्यात रिकाम्या हाताने परतले आणि दुसरी बिर्याणीही माझ्याकडूनच झाली. पुढचे दोन आठवडे मी खेळले, पण उरकल्यासारखं. सहाव्या आठवड्यात आर्किटेक्चरवालीने मात्र कमाल केली. 'घर' या शब्दावर आमच्या फ्लॅटचा नकाशा, चौघींच्या चार चिंध्यांच्या चार खोल्या आणि किचनच्या जागी तो वितळलेला जांभळा तुकडा. तो आता दाराशी टांगलाय.

तुम्हाला चॅलेंज घ्यायचं असेल तर मित्र-मैत्रिणींना गोळा करा, चिठ्ठ्या टाका आणि आमचा नियम तेवढा ढापा. सुई तुळशीबागेत मिळेल, बाकीचं आईच्या त्या पिशवीत आहे. एखादा कपडा कापायच्या आधी तो कुणाचा आहे ते मात्र घरात विचारा.

मी सध्या दर दुसऱ्या शनिवारी गावी जाते. वाकळेला कडेकडेने आत येत फेऱ्या घालायच्या असतात, मी आतापर्यंत तीन घातल्यात. निळ्या तुकड्यापर्यंत पोचायला अजून एक आहे. आज्जी शेजारी बसून अंगठा फिरवत असते, "हितं वड बसली," "हितं सैल." आता माझे टाके तांदळाएवढे पडतात, निदान मला तरी तसं वाटतं.

गेल्या खेपेला पोचले तर माझी तिसरी फेरी अर्धी उसवलेली होती. टाके एकेक करून काढलेले, दोरा नीट रिळाला गुंडाळलेला.

"आज्जी, हे कुणी उसवलं?"

"उंदरानं," आज्जी म्हणाली आणि सुईचा डबा पुढे सरकवला.