दाखला देणाऱ्यांची खोली

२०२५ साली 'फुले' या हिंदी चित्रपटाला 'यू' दाखला मिळाला; म्हणजे तो लहानथोर सर्वांनी पाहावा असा ठरला. पण त्याआधी 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढावयास सांगण्यात आले आणि तीन हजार वर्षांच्या गुलामीची 'कित्येक वर्षांची' गुलामी झाली. ही कापाकापी नव्हे, दुरुस्त्या आहेत, असे दिग्दर्शक अनंत महादेवन म्हणाले. पुढे काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, आणि फुलेजयंतीला यावयाचा चित्रपट २५ एप्रिलला आला.

हे ठरवितो कोण? आपण अजून 'सेन्सॉर' म्हणतो, पण १९८३ पासून मंडळाच्या नावात 'प्रमाणन' हा शब्द आहे. मोठा चित्रपट प्रथम परीक्षण समिती पाहते. तीत सल्लागार मंडळातील चार सभासद आणि एक अधिकारी असतात. निर्णय मान्य नसेल तर पुनरीक्षण समिती. त्यावर अपील ऐकणारे न्यायाधिकरण होते. ते २०२१ साली मोडीत निघाले. आता थेट उच्च न्यायालय. वकील आणि वेळ दोन्ही ज्याला परवडतात त्यानेच तिकडे जावे!

कोणत्याही समूहाला तुच्छ लेखणारे शब्द नसावेत, असे १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हा नियम मला मान्य आहे. जातीच्या नावाने दिलेली शिवी आपण पुष्कळ ऐकली आहे. पण चित्रपट समग्र पाहावा, त्यातील काळ ध्यानात घेऊन पाहावा, असेही तीच तत्त्वे बजावतात. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तिने ही नावे तक्रार मांडण्यासाठी घेतली. उद्या तिच्यावर कोणी चित्रपट काढला, तर त्या निबंधाचा विषय तरी पडद्यावर उच्चारता येईल काय? शिवी देणारा आणि शिवी सोसणारा एकच शब्द उच्चारतात. त्यांतला फरक ओळखावयास तो शब्द कधीतरी अंगावर आलेला असावा लागतो.

२०२४ च्या नियमांनी मंडळात एक-तृतीयांश, शक्यतो निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. योग्यच केले. ज्यांच्या जातीचे नाव कापले जाते त्यांच्यापैकी कोणी त्या खोलीत असावे, असा दंडक मात्र अजून नाही.