छप्पर गळले की सांगाडा गेला!

मॉरिस मायनर ट्रॅव्हलरच्या मागच्या भागाची लाकडी चौकट शोभेची नव्हे. ॲश झाडाच्या लाकडाचा हा सांगाडाच तेथला सगळा भार पेलतो. १९५३ ते १९७१ या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या या गाड्या शौकीन मंडळींनी आजही जपल्या आहेत. पण २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील बहुतेक मोटारींना वार्षिक तपासणीची सक्ती उरली नाही. तेव्हा कूज वेळीच ओळखणे मालकाच्याच हाती!

छपराचा पुढचा भाग पोलादी, मागचा ॲल्युमिनियमचा. दोहोंच्या सांध्यातून आणि कडेच्या पन्हाळीखालून पाणी झिरपते. ॲश चिवट खरे, पण ओल त्याला सोसत नाही. आधी काळे डाग पडतात, मग लाकूड भुसभुशीत होते.

रंगाची चमक सगळेच पाहतात, सांध्याकडे कोण बघतो? खरे काम मात्र तिथेच. जुने, कडक झालेले लुकण खरवडून लाकूड पूर्ण वाळू द्यावे. ओल्या लाकडावर सांधा बुजवला तर ओल आतच कोंडते. भरायला न कडकणारे मॅस्टिकच हवे. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते-आकसते, कडक लांबी तडकते. ॲल्युमिनियमवर साधा प्रायमर टिकत नाही, त्यासाठी एच प्रायमर लागतो.

रंग वाळला की एकाने वरून पाइपाने पाणी सोडावे, दुसऱ्याने बॅटरी घेऊन आत बसावे. थेंब दिसला, की पन्हाळ पुन्हा उतरवायची.