एपेक्सचे जुने स्टेशन

उत्तर कॅरोलायना राज्यातील कॅरी गावाच्या नैर्ऋत्येस काही मैलांवर एपेक्स हे गाव आहे. एपेक्स म्हणजे शिखर. गाव डोंगरावर मुळीच नाही. लोहमार्गाची आखणी होत असता ही जागा त्या मार्गावर सर्वांत उंच ठरली, म्हणून हे नाव पडले. आगगाडीने वसविलेल्या या गावी आज मालगाड्या धडधडत जातात, उतारूंसाठी मात्र एकही गाडी थांबत नाही. १९१४ साली बांधलेली स्टेशनाची इमारत तेवढी उभी आहे.

येथील लोहमार्गाचा इतिहास याहून जुना. कॅरीवरून जाणारा गोल्ड्सबरो ते शार्लट हा २२३ मैलांचा मार्ग १८५६ साली पूर्ण झाला. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली १८५३ साली. म्हणजे दोन्ही कामे एकाच काळची. यादवी युद्धानंतर कॅरीपासून एक फाटा एपेक्समार्गे चॅटम परगण्यातील कोळशाच्या दिशेने निघाला. पुढे डरहॅमकडून दुसऱ्या कंपनीचा मार्ग येऊन मिळाला. दोहोंचे सामाईक स्टेशन म्हणून यास ‘युनियन डेपो’ म्हणत. मोटारी वाढल्या, उतारू घटले आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिकिटाची खिडकी बंद झाली. १९८८ साली या वास्तूची नोंद राष्ट्रीय वारशाच्या यादीत झाली.

वास्तू जपली गेली, हे उत्तम झाले. परंतु तिच्याबरोबर काय जपावयाचे, हाही प्रश्न आहे. १८५६चा मार्ग बव्हंशी गुलामांच्या हातांनी घडला. त्यांना मालकांकडून भाड्याने आणीत. भाडे मालकांस मिळे. पुढे १८९९च्या कायद्याने या राज्यात गोऱ्या व काळ्या उतारूंचे डबे आणि प्रतीक्षालये वेगळी केली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या उतारूंपुरता हा भेद बंद करण्याचा हुकूम निघावयास १९५५ साल उजाडले.

आपल्या कित्येक घरांतील वडीलधारी मंडळी मुंबई इलाख्यात रेल्वेच्या नोकरीत होती. बोरघाट फोडताना हजारो मजूर तापाने व पटकीने दगावले, हे त्यांनी ऐकलेले होते. त्या मजुरांची नावे मात्र कोणास ठाऊक नाहीत. म्हणून मुलांना एपेक्सचे स्टेशन दाखवावयास न्याल, तेव्हा इमारत केव्हा बांधली एवढेच सांगून थांबू नका. रूळ कोणी टाकले आणि गाडीची वाट पाहात कोण कोठे बसे, हेही त्यांस सांगा.