एकाच निरोधावर दोन कामं

बचत गटाच्या सभेत सहसा न निघणारा विषय आज आम्ही घेतलाय. एचआयव्ही असलेल्या बाईला पाळणा लांबवायचा किंवा थांबवायचा असेल, तर तिला ते अवघड का जातं?

एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रात २००४ पासून फुकट मिळतात. त्या नेमानं घेणारी बाई कामाला जाते, संसार करते, आणि तिला दिवसही जाऊ शकतात. मूल हवं असेल तर तेही होतं. गोळ्या चुकवल्या नाहीत आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं चाललं, तर बाळाला लागण होण्याचा धोका फार कमी राहतो. आज बोलायचंय ते मूल नको असतं, किंवा आत्ताच नको असतं, त्याबद्दल.

केंद्रावर सांगतात, निरोध वापरा. बरोबरच आहे, एचआयव्ही आणि बाकीचे गुप्तरोग अडवणारं साधन तेच. पण दिवस न राहण्याचं कामही आपण त्याच्यावरच टाकतो. आणि निरोध वापरणं बाईच्या हातात असतं कुठं? नवरा म्हणाला, "दोघांनाही आहेच की, आता कशाला?" की बोलणं खुंटलं. मुंबईतल्या अशा बायकांचा एक अभ्यास २०१५ साली छापून आला. त्यातही बहुतेकींची भिस्त निरोधावर, आणि नको असताना दिवस गेलेल्या बऱ्याच.

म्हणून निरोधाच्या जोडीला बाईच्या हातातलं दुसरं साधन हवं. औषधं चालू असून तब्येत बरी असेल तर तांबी चालते. तांबीनं एचआयव्ही वाढतो ही नुसती आवई. दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन चालतं, एआरटीनं त्याचा गुण कमी होत नाही. पाळी पुढंमागं होते, मधेच डाग पडतात, ते आधी माहीत असलं की बाई घाबरत नाही. माला-एनसारख्या गोळ्यांचं मात्र विचारूनच ठरवा, कारण टीबीची आणि एआरटीतली काही औषधं त्यांचा असर कमी करतात.

मग बायका हे का घेत नाहीत? आम्हाला वाटतं, निम्म्या वेळी त्यांना कुणी विचारतच नाही. एआरटीची खोली वेगळी, तांबीची वेगळी. पहिल्या खोलीत पाळण्याचा विषय निघत नाही, दुसऱ्या खोलीत बाई आजार सांगायला भिते.

त्यात आपलं माथेरान. दस्तुरी नाक्याच्या वर खासगी मोटारगाडीला बंदी. आधी पायपीट, मग नेरळ, कर्जत, आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी केंद्राला जायचं तर पेण करत पुढं. दिवस त्यातच जातो. हंगामात हॉटेलच्या कामावर खाडा म्हणजे रोज बुडाला, तिथं तांबीसाठी दुसरा खाडा कोण करणार? जवळच्या दवाखान्यात जावं तर बाकावर ओळखीचंच माणूस बसलेलं. गाव एवढंसं, बोभाटा व्हायला संध्याकाळ लागत नाही. सासरी मुलगा हवा म्हणून तगादा असला तर साधनं लपवून ठेवावी लागतात. आणि नवरा गेलेल्या बाईला याची गरज असेल, हे तर कुणाच्या मनातही येत नाही. तिला विचारायचीच चोरी.

कायदा या बाबतीत चांगला आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार बाईच्या परवानगीशिवाय तिचा आजार कुणाला सांगता येत नाही, आणि आजारामुळे उपचार नाकारता येत नाहीत. गरोदर असली तरी तिच्या संमतीवाचून गर्भपात किंवा नसबंदीचं ऑपरेशन करता येत नाही. "तुला हे आहे, आता ऑपरेशन करूनच टाक," असं कुणी दटावलं तर घाबरून अंगठा देऊ नका.

गोळ्यांच्या तारखेला केंद्रावर जाल तेव्हा समुपदेशकांना तिथंच विचारा, "मला निरोधासोबत दुसरं काय चालेल?" चालू औषधांची नावं, टीबीचीसुद्धा, सांगा. तांबी किंवा अंतरा त्याच फेरीत मिळेल का, तेही विचारून घ्या, म्हणजे एका खाड्यात काम होईल. नाव न सांगता बोलायचं असेल तर १०९७ हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.