बोटींतील पाण्याचें ओझें आणि मुका पंप

संस्कृत काव्यांत जलक्रीडेचीं वर्णनें पुष्कळ आहेत. परंतु नौका मुद्दाम जड करून तिच्यामागें लाट उठवावी व त्या लाटेवरून फळीवर उभें राहून उड्या माराव्या, ही कल्पना आपल्या कवींस सुचली नव्हती. ती अमेरिकेची. १९२२ सालीं मिनेसोटा संस्थानांतील पेपिन सरोवरावर राल्फ सॅम्युएल्सन नांवाच्या तरुणानें लांकडी पट्ट्या पायांस बांधून बोटीमागें घसरत जाण्याचा खेळ प्रथम साधला. त्या खेळांत पाणी सपाट असेल तितकें बरें. पुढें १९८० नंतर दोन पट्ट्यांच्या जागीं एक रुंद फळी आली, खेळास वेकबोर्डिंग हें नांव मिळालें, आणि लाट मोठी असेल तितकी बरी असें झालें.

बोट जड असली म्हणजे खोल बसते, व खोल बसली म्हणजे लाट मोठी उठते. रिकामें गलबत डोलूं नये म्हणून तळाशीं दगडवाळू भरीत; त्या वजनास जुन्या दर्यावर्दी भाषेंत नीरम म्हणत. या बोटींचें नीरम म्हणजे सरोवराचेंच पाणी. तें विजेच्या पंपानें ओढून मोठ्या पिशव्यांत भरावयाचें आणि खेळ संपतांच बाहेर टाकावयाचें. एक लिटर पाणी एक किलो भरतें. म्हणजे साडेतीनशें लिटरची एक पिशवी पांच-सहा माणसांइतकी जड झाली. अशा तीन-चार पिशव्या, व बहुधा प्रत्येकीस स्वतंत्र पंप.

आमचा एक भाचा टेक्सस संस्थानांत असतो. त्याच्या बोटीचा डावा पंप बंद पडला. तेथील कारागिरानें पंप बदलला; पंधरवड्यानें तोही मुका झाला; दुसरा घातला, त्याचीही तीच गत. दोन पंपांचे दाम गेले आणि दोष जागच्या जागीं राहिला. असे अनुभव इतरही मराठी कुटुंबांस परदेशांत येत असतील, म्हणून या विषयास येथें जागा मागितली आहे.

पंप फिरत नाहीं, अर्थात् पंप बिघडला, हें अनुमान आपल्या नैयायिकांच्या दृष्टीनें दुष्ट आहे. तो हेतु सव्यभिचारी होय. कारण बॅटरी, फ्यूज, बटण, रिले, जोड आणि परतीची तार यांपैकीं कोणतेंही एक नादुरुस्त असलें तरी पंप असाच गप्प बसतो. उलट एक शुद्ध अनुमानही येथें आहे. कांहीं पंप दोन्ही दिशांनीं चालतात; बटण प्रवाहाची दिशा उलटवितें व पंप भरण्याऐवजीं उपसूं लागतो. असा पंप भरतो पण उपसत नाहीं, तर मोटर निर्दोष आहे असें समजावें. दोष बहुधा बटणांत किंवा रिलेंत. दुसरी परीक्षा बिनखर्चाची: डाव्या व उजव्या पंपांच्या तारा जोडाशीं अदलाबदल कराव्या. दोष पंपाबरोबर गेला कीं तारेबरोबर राहिला, हें तत्काळ दिसतें.

आतां मोजमाप. पुष्कळ लोक पंपाची तार सोडवितात, तिच्या टोकाशीं मीटर लावतात, बारा व्होल्ट दिसले कीं "वीज येते आहे" म्हणून पंपावर खापर फोडतात. घरांतील नळाची तोटी बंद असतां नळींत दाब पुरा असतो. नळी गंजून अरुंद झाली आहे, हें तोटी उघडल्यावरच कळतें. तसेंच येथें. तांब्याचा एक केसाएवढा धागा शिल्लक असला तरी मीटर पुरा दाब दाखवील, कारण मीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाहीं. म्हणून तार जोडलेलीच ठेवून, बटण दाबून, पंपावर भार असतां मोजावें. मीटरचें एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर, दुसरें पंपाच्या धन टोकावर. जो आंकडा येईल तेवढा दाब वाटेंत गमावला. नंतर ऋण बाजूसही तसेंच करावें. अमेरिकेंतील बोटींच्या प्रमाणमंडळाच्या नियमाप्रमाणें अत्यावश्यक नसलेल्या यंत्रांस शेंकडा दहापर्यंत घट चालते, म्हणजे बारांत सव्वा व्होल्टच्या आंत.

ऋण बाजू लोक विसरतात. भाच्यास आम्हीं तीच प्रथम पाहावयास सांगितली. तळाशीं पाणी सांचतें तेथेंच परतीच्या सर्व तारा एका पितळी पट्टीवर एकत्र आल्या होत्या, आणि डाव्या पंपाचा स्क्रू हिरव्या किटानें माखला होता.

गेऑर्ग ओम यानें हा हिशेब १८२७ सालीं ग्रंथरूपानें मांडला. तो त्या काळीं कोलोन येथें शाळामास्तर होता, आणि त्याच्या कामाची खरी कदर लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं पदक देऊन केली. मास्तराच्या बोलण्याकडे विद्वानांचें लक्ष उशिरां जातें, हें केवळ आपल्याच देशीं नव्हे! असो. पंप वीस अँपिअर घेत असेल आणि जोडांत अवघा एक दशांश ओम रोध असेल, तर दोन व्होल्ट तेथेंच खर्च होतात व त्या एका जोडांत चाळीस वॅट उष्णता उत्पन्न होते. तेवढ्यावर लहान सोल्डरिंग आयर्न चालतें.

यांतूनच खरें संकट उद्भवतें. पंपांत कचरा अडकला किंवा तारेचें वेष्टण घांसलें, तर प्रवाह वाढून फ्यूज वारंवार उडतो, आणि त्रासलेला मालक त्याच्या जागीं मोठा फ्यूज घालतो. फ्यूज पंपाच्या रक्षणापेक्षां तारेच्या रक्षणासाठीं अधिक आहे. मोठा घातला तर फ्यूजऐवजीं तार जळेल, आणि ती जळेल पेट्रोल इंजिनाच्या शेजारीं. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यानें बोटीच्या तळांतच सांचते. म्हणून हात घालण्यापूर्वीं झांकण उघडावें, वास घ्यावा, वाफ बाहेर काढणारा पंखा निदान चार मिनिटें चालवावा, व तारा सोडविण्याआधीं बॅटरीचा मुख्य खटका बंद करावा. बदलीचें सामान ठिणगी बाहेर पडूं न देणाऱ्या, बोटीकरितांच केलेल्या जातीचें असावें. मोटारगाडीचें स्वस्त रिले तेथें नको. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणें हाही आमच्या मतें अपराधच. कथिल चढविलेली तार व जलरोधी नळीचे दाबजोड वापरावे.

पंप फिरतो पण पाणी चढत नाहीं, ही तक्रार निराळी. तेथें विजेचा बहुधा संबंध नसतो. रबरी पात्यांचा पंप कोरडा चालविला तर पातीं घांसून तुटतात. साधा केंद्रोत्सारी पंप पाण्याच्या पातळीखालीं लागतो. त्यांत हवा अडकली तर तो नुसताच गुणगुणतो.

तोंडाची जाळीही पाहावी. झेब्रा नांवाचे पट्टेदार शिंपले १९८८ सालीं तिकडील सेंट क्लेअर सरोवरांत प्रथम आढळले. समुद्रपारच्या जहाजांच्या नीरमाच्या पाण्यांतून ते आले असें मानतात. आतां हे शिंपले अनेक सरोवरांत पसरले आहेत, नळ्या बुजवितात, आणि पिशवींत उरलेल्या पाण्यांतून त्यांचीं सूक्ष्म पिलें पुढल्या सरोवरीं जातात. म्हणून बोट गाड्यावर चढविल्यावर पिशव्या पूर्ण उपसाव्या. पंपच बंद असेल तर हातपंप लावून उपसाव्या, व त्यानंतरच दुसऱ्या पाण्याची वाट धरावी.