अहमदनगर जिल्ह्याच्या बोलीतील शब्दसंपदा : अन्न, निसर्ग, व्यवसाय आणि विधी

प्रस्तावना

कोणत्याही भाषेचा शब्दसंग्रह हा त्या समाजाच्या जीवनपद्धतीचा आरसा असतो, असे भाषाविज्ञानात मानले जाते. हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की त्याचा नेमका अर्थ काय, याचा विचार क्वचितच होतो. इंडोनेशियातील बाली बेटाच्या भाषेत शेतातील भाताला ‘पदी’, कांडलेल्या तांदळाला ‘बास’ आणि शिजवलेल्या अन्नाला ‘नासी’ असे वेगवेगळे शब्द आहेत. ज्या अन्नावर समाज जगतो त्याच्या प्रत्येक अवस्थेला तो नाव देतो. आपल्याकडे हेच ज्वारीच्या बाबतीत घडले आहे. प्रस्तुत लेखात अहमदनगर जिल्ह्यातील (2024 पासून अहिल्यानगर) बोलीच्या काही शब्दक्षेत्रांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे.

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा चौदा तालुक्यांचा जिल्हा बोलीच्या दृष्टीने एकजिनसी नाही. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीतील अकोले तालुका भाताचा व वरई-नागलीचा, तर पूर्व-दक्षिणेकडील पाथर्डी, जामखेड, कर्जत हा भाग कोरडवाहू ज्वारी-बाजरीचा. अकोल्याच्या डोंगरी भागात ‘राब’, ‘खाचर’, ‘आवणी’, ‘इरले’ हे शब्द नित्याचे आहेत. जामखेडच्या शेतकऱ्याला त्यातील बहुतेकांचे काम पडत नाही.

काळी आणि पांढरी

गावाच्या शेतजमिनीस ‘काळी’ व वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणण्याची रीत जुनी आहे. ही केवळ कविकल्पना नव्हे. शतकानुशतके मातीच्या भिंती, राख, शेण आणि चुना यांचे थर साचून वस्तीची जमीन खरोखरच पांढुरकी होते. म्हणूनच ओसाड पडलेल्या जुन्या गावठाणाच्या टेकाडास लोक ‘पांढर’ म्हणतात. या जिल्ह्यातील नेवासे, जोर्वे व दायमाबाद ही ताम्रपाषाणयुगीन स्थळे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत, डॉ. ह. धी. सांकलिया यांनी नेवाशाचे उत्खनन 1954 पासून हाती घेतले. अशी टेकाडे शोधणाऱ्यास ग्रामस्थांचा हा एक शब्द मोठा मार्गदर्शक ठरतो. जमिनीच्या प्रतीचे शब्द याहून सूक्ष्म आहेत : मुरमाड, बरड, चोपण, चुनखड, चिकण. पैकी ‘चोपण’ हा शब्द, पाटपाण्याचा अतिरेक झालेल्या बागायती पट्ट्यात, आजही रोजच्या काळजीचा विषय आहे.

ज्वारीचे शब्दविश्व

ज्वारीचे पीक प्रथम ‘पोटऱ्यात’ येते, म्हणजे कणीस पानाच्या वेष्टनात असते. मग ते ‘निसवते’. दाणा ‘चिकात’ असतो, नंतर ‘हुरड्यात’ येतो आणि शेवटी भरतो. या पाच-सहा शब्दांत पिकाचे संपूर्ण वेळापत्रक सामावले आहे. पाणी केव्हा द्यावे, राखणीस माळ्यावर गोफण घेऊन केव्हा बसावे, हे या शब्दांवरूनच ठरे. हुरडा भाजण्याच्या खड्ड्यास ‘आगटी’ म्हणतात आणि त्यासाठी ‘गुळभेंडी’ ही गोड वाणाची ज्वारी राखून ठेवतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’, ‘फुले मधुर’ हे हुरड्याचे स्वतंत्र वाण दिले आहेत. शहरांत मात्र ‘हुरडा पार्टी’ एवढाच जोडशब्द पोहोचला. आगटी बहुधा वाटेतच राहिली.

काढणीनंतरचे शब्द मोजणीचे आहेत. कडब्याची ‘पेंढी’, पाच पेंढ्यांचा ‘पाचुंदा’, रचलेली ‘गंज’, बाजरीचे ‘सरमाड’ आणि जमिनीत उरलेले ‘धसकट’. खळ्याच्या मध्यावरील खांबास कोठे ‘तिवडा’, कोठे ‘मेढ’ म्हणत. मळणीयंत्र आल्यावर खळे गेले आणि त्याबरोबर ‘पात’, ‘वावडी’, ‘मातेरे’ हे शब्दही वृद्धांच्या तोंडी उरले.

तथापि वस्तू गेली की शब्द जातोच, असा नियम नाही. बैलांची पाभर गेली, तरी ट्रॅक्टरला जोडलेल्या पेरणीयंत्रास शेतकरी ‘पाभर’च म्हणतो. मोटेचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. विहिरीवरील मोट, बैलांच्या येण्याजाण्याची ‘धाव’, जाड दोर ‘नाडा’, बारीक दोर ‘सोंदूर’ आणि मोटेचे पाणी ज्यात पडे ते ‘थारोळे’ हा सारा संच विजेच्या पंपाने नाहीसा केला. पण ‘रक्ताच्या थारोळ्यात’ हा प्रयोग वृत्तपत्रांतून अजून रोज वाचावयास मिळतो. तो लिहिणाऱ्या वार्ताहराने थारोळे पाहिले असण्याची शक्यता फारच थोडी.

चूल आणि ताट

स्वयंपाकघरातील शब्दांत व्याकरणाचेही नमुने सापडतात. ‘कोरड्यास’ हा शब्द पाहावा. कोरड्या भाकरीस लावून खावयाचे ते कोरड्यास. येथे चतुर्थीचे रूपच नाम होऊन बसले आहे. ‘कालवण’ हे कालवणे या क्रियापदापासून आले. जुन्या पिठाचा चिकटपणा कमी झाला की ‘विरी गेली’ असे म्हणतात. या दोषास प्रमाणभाषेत दुसरा सुटसुटीत शब्द प्रस्तुत लेखकास आढळला नाही. हुलग्याचे माडगे व शेंगोळे, आमटीस दाटपणा आणणारा येसूर, चुलीच्या शेजारचा वैल, भाकरी थापण्याची काठवट हे शब्द अद्याप प्रचारात आहेत. विद्यार्थी मात्र ते वर्गात उच्चारताना ओशाळतात. घरी काय जेवलात, या प्रश्नाला ‘कोरड्यास’ऐवजी ‘भाजी’ असे उत्तर येते. व्याकरणदृष्ट्या इतका अर्थपूर्ण शब्द अशुद्ध समजून टाकला जावा, ही चिंतेची बाब आहे.

विधी, यात्रा आणि फारसी वारसा

मलिक अहमदने 1490 मध्ये निजामशाहीची स्थापना केली आणि 1636 मध्ये ती संपुष्टात आली. या राजवटीबरोबर रुजलेल्या दफ्तरी शब्दांची चर्चा बरीच झाली आहे. गावच्या विधींमध्ये शिरलेल्या शब्दांची त्या मानाने कमी. नवस फेडल्यावर वाटावयाची ‘शेरणी’ फारसी ‘शीरीनी’शी, ‘कंदुरी’ त्याच नावाच्या फारसी शब्दाशी, तर यात्रेतील कुस्त्यांचा ‘हगामा’ बहुधा ‘हंगामा’शी नाते सांगतो. ‘उरूस’ हा मूळ अरबी शब्द विवाहवाचक आहे. यात्रेच्या हस्तपत्रिकेवर ‘छबिना’, ‘हगामा’ आणि तमाशा कलावंतांच्या ‘हजेऱ्या’ हे तिन्ही शब्द एकाखाली एक छापलेले असतात व कोणास ते परके वाटत नाहीत. खंडोबाच्या जागरणातील ‘तळी’, ‘कोटंबा’, ‘दिवटी-बुधली’, मढीच्या कानिफनाथ यात्रेतील ‘काठ्या’ आणि अकोल्यातील महादेव कोळी समाजाची ‘वाघबारस’ यांचाही येथे निर्देश केला पाहिजे.

नव्या व्यवसायांचे शब्द

बोलीतील शब्द म्हणजे केवळ जुने शब्द, हा समज दूर केला पाहिजे. 1972 च्या दुष्काळाने ‘मिलो’ व ‘सुकडी’ हे शब्द घरोघरी पोहोचविले. प्रवरानगरच्या कारखान्यापासून सुरू झालेल्या सहकारी साखर उद्योगाने ‘खोडवा’, ‘वाढे’, ‘मोळी’, ‘टायरगाडी’, ‘उचल’ हे शब्द नित्याचे केले. त्यातील ‘कोयता’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. पाथर्डी, जामखेड, शेवगाव भागातून ऊसतोडीस जाणाऱ्या टोळीची मोजणी कोयत्यांत होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर असेल तर तो ‘अर्धा कोयता’. उचल जोडीस मिळते, तिचा व्यवहार पुरुषाच्या नावे होतो आणि स्त्रीचे स्वतंत्र श्रम या गणनेत दिसतच नाहीत. मोल्सवर्थच्या 1831 च्या कोशात कोयत्याचा हा अर्थ असणे शक्य नव्हते; पण आजच्या कोशकाराने तो हत्याराच्या अर्थाखाली उपार्थ म्हणून नोंदवावा की स्वतंत्र नोंद करावी, याचा विचार व्हावयास हवा. प्रस्तुत लेखकाच्या मते स्वतंत्र नोंदच योग्य, कारण हा शब्द वस्तूचे नव्हे, एका आर्थिक नात्याचे नाव आहे.

संकलनाची अडचण

डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण व दस्तऐवजीकरण हाती घेतले, हे स्वागतार्ह आहे. परंतु सर्वच शब्द प्रश्नावलीने मिळत नाहीत. अंत्यविधीस जाण्याला ग्रामीण भागात ‘मातीला जाणे’ म्हणतात, दुःखाच्या घरी नातेवाईक जी भाकरी आणतात ती ‘कडू घास’ या नावाने ओळखली जाते, अस्थी ‘सावडतात’. हे शब्द सहजी विचारता येत नाहीत आणि विचारल्यास बहुधा प्रमाणभाषेतील पर्यायच सांगितले जातात. ते त्या प्रसंगी त्या घरात असणाऱ्यालाच ऐकू येतात. त्यामुळे या कामी पदवी वर्गातील विद्यार्थी हाच सर्वांत जवळचा संकलक ठरतो. त्याने प्रत्येक शब्दासोबत गाव, तालुका, बोलणाऱ्याचे अंदाजे वय व व्यवसाय आणि शब्द ज्या वाक्यात ऐकला ते संपूर्ण वाक्य टिपावे. घरच्या माणसाचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.